पोदेराच्या भोंग्यापासून सुरुवात: सत्तरीतल्या घरात विवस्त्र राहण्याची तयारी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून आत, डांबर संपतं तिथून पुढे अर्धा किलोमीटर मातीची वाट, आणि मग आमचं भाट, म्हणजे बागायत. काजू, खालच्या अंगाला थोडं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, मधोमध आजेसासऱ्यांनी बांधलेलं चिऱ्याचं घर. जवळचा शेजारी हाकेच्याही पलीकडे. अंगावर चिंधी नसताना राहायला याहून बरी जागा कुठली, असं आम्हा नवराबायकोला वाटलं होतं. पहिल्याच सकाळी पावणेसातला भोंगा वाजला आणि मी खिडकीशी जाईपर्यंत पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल अंगणात टेकवून पावांची टोपली सोडत होता. बायको तुळशीपाशी उभी होती. साडी नेसून होती म्हणून निभावलं.

त्या दिवशी कळलं ते एवढंच, की गावात आडोसा अंतराने मिळत नाही. कोण, कधी, कुठल्या हक्काने आपल्या दारात येतो हे माहीत असलं तर मिळतो. पुढचं सगळं त्यातून आलं आहे. हे घरमालकांसाठी आहे, पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी नाही. त्यांना १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली आधी नोंदणी करावी लागते आणि त्यांचे प्रश्नही निराळे.

हे खूळ परदेशातून आलं म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. १८९१ साली चार्ल्स क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ नावाची संस्था काढली. जगातली अशी पहिली ज्ञात संस्था हीच धरतात, आणि ती निघाली ठाण्यात. सभासद तीन. तुळशी तलावाकाठी जमायचे. साहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि संस्था आटोपली. आमचे आजोबा तर आयुष्यभर काष्टीवर कुळागर शिंपत होते. त्यांना कोणी कसली संस्था विचारली नाही.

आधी एक वही

काहीही बांधण्याआधी, लावण्याआधी, काढण्याआधी एक वर्ष कपड्यांत राहा. वर्ष नाही जमलं तर निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा. दाराशी वही टांगा आणि जो जो येईल त्याची वेळ लिहा. आमच्या वहीतलं मार्च महिन्याचं एक पान असं आहे:

‘सकाळी ६.४५ पोदेर. ८.१० शेजारच्या भाटातल्या दोन बायका, काजू वेचायला, आमच्या वाटेने. ११ वाजता वीजखात्याचा माणूस, मीटर. १२.३० कोणाच्या तरी म्हशी. ४ वाजता पाडेली, नारळ कधी पाडायचे विचारायला. ६.३० पोदेर परत. रात्री ९ वाजता वरच्या सड्यावर बॅटऱ्या, बहुतेक शिकारी.’

एकाकी म्हणून निवडलेल्या जागी एका दिवसात सात वर्दळी. वर्षभराने वही चाळली तेव्हा तीन गोष्टी लक्षात आल्या. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत, म्हणजे काजूच्या हंगामात, डोंगर माणसांनी भरलेला असतो. जून ते सप्टेंबर जवळजवळ कोणी येत नाही. आणि येणाऱ्यांपैकी निम्मे लोक आपण बोलावलेले नसतात, पण त्यांचा येण्याचा हक्क आपल्या मालकीहून जुना असतो.

कागद

हक्काचं निघालं म्हणून कागद. जागा घ्यायची असेल तर नमुना एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन आधी काढा. कूळ आणि इतर हक्कांचे रकाने भिंगातून वाचा. भाटात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत पूर्वीपासून घर करून राहणाऱ्याचं, घर असेल तर १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला तिथून हलवता येत नाही आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तुम्ही कुंपण घालू शकत नाही. भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्यापासून ती बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेची, किंवा खाजगी वनात येणारी असेल तर पुढे जाऊच नका. सत्तरीत म्हादई अभयारण्याची हद्दही तपासावी लागते. झाड तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, डोंगर कापायला नगरनियोजन खात्याची, आणि गडग्याऐवजी पक्की भिंत बांधायची तर पंचायतीची. म्हणून आम्ही कमीत कमी बांधलं.

आता विवस्त्र राहण्याचा कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (पूर्वीचं २९४) सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याला त्रास होईल असं अश्लील कृत्य करण्याबद्दल आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किनाऱ्यावर हा प्रयोग करू नये. २०२० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकल्याबद्दल एका नामांकित मॉडेल-अभिनेत्यावर गुन्हा नोंदला गेला होता. स्वतःच्या बंदिस्त आवारातली गोष्ट वेगळी, पण रस्त्यावरून दिसणारं आवार बंदिस्त आहे असं पोलिसाला पटवणं कठीण. तेव्हा वाटेवरून, शेजारच्या भाटातून, कुठूनही दिसता कामा नये, ही पायरी आम्ही सौंदर्यासाठी नाही तर कायद्यासाठी पक्की केली. उलट बाजूनेही कायदा आहे. कोणाच्या संमतीशिवाय त्याच्या गुप्तांगाचं चित्र काढणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. बाईच्या बाबतीत चोरून पाहणं आणि चित्र काढणं यांना न्याय संहितेचं ७७ वं कलम लागतं. तरीही आपल्या गावातल्या वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या. त्याचे पैसे वाया जात नाहीत.

कुठून कुठून दिसतं

याला दोन माणसं, दोन फोन आणि एक लाल लुगडं लागतं. एकाने लुगडं पांघरून अंगणात, न्हाणीपाशी, तळीकाठी, जिथे जिथे उघडं वावरायचं आहे तिथे उभं राहायचं. दुसऱ्याने हद्दीबाहेरून सगळीकडून फिरून लाल रंग दिसतो का पाहायचं. दिसला की फोन करायचा आणि ती जागा नकाशावर मांडायची. आमच्याकडे फोनची रेंज दरीत जाते, म्हणून शेवटी शिट्ट्या मारल्या.

हे दोनदा करा, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मार्चमध्ये. ऑगस्टमध्ये आमचं भाट म्हणजे हिरवी गुहा होती. मार्चमध्ये साग आणि किंदळ उघडे पडले आणि समोरच्या टेकडीवरून थेट न्हाणीचं दार दिसायला लागलं.

चढावर घर असेल तर भिंतीवर विसंबू नका. उताराचं प्रमाण एकास चार धरलं तर वीस मीटर वर उभा असलेला माणूस तुमच्याहून पाच मीटर उंच असतो. त्याच्यापुढे सहा फुटी भिंत काय करणार? तिथे उपाय एकच, डोक्यावर मांडव. माणग्याचे, म्हणजे बांबूचे, वासे, वर चुडतांचे, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे, विणलेले झाप, पावसाळ्यापुरता वेल. ड्रोनलाही हाच उपाय लागू पडतो. लग्नाआधीचे फोटो काढणारे आता डोंगरातही येतात.

सगळ्यात उंच डोळे मात्र पाडेलीचे. दोन-अडीच महिन्यांनी तो माडावर चढतो आणि शेंड्यावरून त्याला आपलं घर, शेजाऱ्याचं घर, बहुधा वाळपईचा बाजारही दिसत असावा. त्याच्यासाठी भिंत नाही, मांडवही पुरत नाही. त्याचा दिवस ठरवून घ्यायचा, आणि त्या दिवशी कपडे घालायचे.

झाडांचा पडदा

इथे मी चुकलो, तर तुम्ही चुकू नका. लवकर वाढते म्हणून पूर्वेच्या हद्दीवर गिरिपुष्पाच्या काठ्या रोवल्या. दोन पावसाळ्यांत दहा फूट झाल्या, मी खूश. जानेवारीत पानं गळायला लागली, फेब्रुवारीत नुसती गुलाबी फुलं. दिसायला सुंदर, पण पलीकडून काजू वेचणाऱ्या बायकांना आमचं अख्खं अंगण त्या फुलांच्या चौकटीत दिसत होतं. ज्या महिन्यांत वर्दळ जास्त, नेमकं त्याच महिन्यांत कुंपण नागवं.

तेव्हा दोन ओळी करा. बाहेर माणगा. काटे नाहीत, पोकळी जवळजवळ नाही, कोकण-गोव्याच्या मातीतला आहे आणि चार-पाच वर्षांत दाट बेटं होतात. आत भिरंड, म्हणजे कोकमाचं झाड. सदाहरित, फांद्या खालपर्यंत लोंबलेल्या, शंकूसारखं दाट. वाढायला अंमळ आळशी आहे, पण तोवर माणगा सांभाळतो. जुने काजू असतील तर त्यांच्या जमिनीलगतच्या फांद्या छाटू नका, आयता पडदा आहे. गुरं आणि भोचक माणसं अडवायला खाली करवंदाची जाळी. तिच्यातून उघड्या अंगाने कोणी येत नाही, आणि कपडे घालूनही येत नाही.

अंगण आत घ्या

सगळं भाट झाकायचा हट्ट सोडला तेव्हा काम सोपं झालं. आपल्या जुन्या हिंदू घरांतलं राजांगण आठवा. चारी बाजूंनी सोपे, मधे उघडं आकाश. आमच्या घराला राजांगण नव्हतं, पण मागच्या बाजूला काटकोनात दोन भिंती होत्याच. उरलेल्या दोन बाजूंना जुन्या गडग्याचेच चिरे वापरून सात फुटी भिंती घेतल्या, पंचायतीच्या परवानगीने. तेवढ्यात न्हाणी, बसायची जागा, वाळवण आणि तळी. पाच गुंठ्यांचं स्वातंत्र्य पुरतं. पुढचं अंगण, तुळस आणि पायऱ्या गावाच्या. तिथे आम्ही कायम कपड्यांत.

जमीन कशाची करायची याला महत्त्व आहे, कारण आता पायच नाही, सगळंच टेकणार. उघडा चिरा खरखरीत असतो, बसल्यावर कुल्ल्यांना सोलतो. लादी दुपारी तापते. आम्ही सोप्यावर घोटलेलं लाल सिमेंट केलं आणि मधे शेणाने सारवतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या फेकून द्या, घामाने चिकटतात. बसताना ज्याचा त्याचा पंचा खाली, हा जगभरच्या नेचरिस्टांचा, म्हणजे विवस्त्र राहणाऱ्यांचा, पहिला नियम आहे आणि तो घरातही सुटू नये.

तळी दहा बाय सहा, साडेतीन फूट खोल. सहा हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून पाणी माडांना सोडतो, नाहीतर डासांची पैदास. कुळागराचा पाट जवळून वाहतो, पण त्यात उतरत नाही. तो खालच्या तीन घरांचा आहे.

दार, घंटा, पंचा

बाहेरचं फाटक घरापासून शक्य तितकं लांब. वीजमीटर तिथे हलवा, टपालपेटी तिथे, गॅसचा सिलिंडर ठेवायला ओटा तिथे, आणि पावाची पिशवी टांगायला आकडा तिथे. पोदेराला सांगितलं, पिशवीत पाच उंडे टाकायचे, पैसे महिन्याला. तो आता आत येत नाही. भोंगा मात्र वाजवतो, आणि तो आमचा सकाळचा गजर.

विजेची बेल बसवू नका. वीज जाते. फाटकाला देवळात असते तशी पितळी घंटा टांगली आहे. फाटकापासून घरापर्यंत वाट सरळ नको, एक वळण हवंच, आणि वळणापुढे जाड खडी. घंटा न वाजवता कोणी आलं तर खडी वाजते. खडी वाजली की कुत्रा भुंकतो. या तिन्हींमधून आम्हाला मिनिटभर मिळतं, आणि लुंगी नेसायला पंधरा सेकंद लागतात.

पण लुंगी हाताशी हवी. कुठेही उभे असलात तरी दहा पावलांत एक खुंटी आणि तिच्यावर धुतलेला पंचा किंवा लुंगी. आमच्या आवारात अशा नऊ खुंट्या आहेत. घरी आलेल्या मेहुणीने विचारलं, “ताई, तुमच्याकडे एवढे पंचे कशाला गं?” ताईने सांगितलं, “पाऊस फार आमच्याकडे.”

कॅमेरा लावायचाच असेल तर फाटकावर, तोंड बाहेर. आतल्या अंगणाकडे एकही नको. ते चित्र कुठल्या सर्व्हरवर जाऊन बसेल ते आपल्या हातात नसतं.

उघड्या अंगाचे वैरी

माणसांची व्यवस्था झाली. जंगलाची व्हायची आहे, आणि याबद्दल कोणी सांगत नाही.

पहिली खाजकुयली. पावसाळ्यानंतर तिच्या शेंगा वाळतात आणि त्यांवरची सोनेरी लव वाऱ्याने उडते. कपड्यांत असताना मनगटाला लागते. नसताना काय होतं ते मी एका डिसेंबरात संध्याकाळभर अनुभवलं. वेल फुलात असतानाच, शेंगा धरण्याआधी, हद्दीभोवती फिरून मुळापासून उपटायचा. लव लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला, मग साबणाने धुवा.

दुसरी गोचीड. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा रोग गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे. पाचोळ्यावर बसणं बंद. अंगणाभोवती पंधरा फूट पट्टा रोज झाडून उघडा ठेवायचा. काजूत जाताना पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यांत खोवलेला. परत आलं की अंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे एकमेकांना तपासायचं. भाटात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

काजूचं बोंडू चालतं, पण बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. भट्टीपाशी, बिया भाजताना, कोयत्याने किंवा गवत कापायच्या यंत्राने काम करताना कपडे. फोडणी घालताना निदान एप्रन. हे मोहरीने शिकवलं.

हुमले, म्हणजे लाल मुंग्या, झाडावर पानांची घरटी करतात. पंचा वाळत घालायच्या दोरीचं टोक आंब्याला बांधू नका. त्या दोरीवरून ते पंच्यात येतात, आणि पंचा कुठे गुंडाळतो ते ठाऊक आहेच.

सापांचं थोडक्यात. सड्यावर फुरसं, घराजवळ नाग आणि मण्यार, गवतात घोणस. अंग उघडं असलं तरी पाय उघडे नकोत. अंधार पडला की बूट आणि बॅटरी. दंश झाला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. १०८ आणि थेट रुग्णालय. फाटकापर्यंत रुग्णवाहिका येते का हे आजच पाहून ठेवा.

संध्याकाळी डासांसाठी सोप्याच्या एका टोकाला चारी बाजूंनी बारीक जाळी मारून खोली केली आहे. अंगभर मलम फासण्यापेक्षा हे बरं.

ऊन आणि पाऊस

आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे गोव्यात सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या पुढे. म्हणजे तीन वाजताचं ऊन घड्याळ सांगतं त्याहून कडक असतं. उन्हात बसायचं ते नऊच्या आधी आणि साडेचारनंतर. ज्या कातडीने जन्मात ऊन पाहिलेलं नाही तिला पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं खूप झाली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा सकाळी बसायची जागा दक्षिणेकडे उघडी हवी. उन्हाळ्यात तीच मांडवाखाली घ्या.

पण खरं सुख पावसात. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, वाळपईकडे त्याहून जास्त. जुलैत कपडे वाळत नाहीत, कपाटात बुरशी येते, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पागोळीखाली उभं राहायला एक खडबडीत फरशी बसवा, कारण शेवाळावर घसरून पडलं तर उघड्या अंगाला वाचवायला काहीच नसतं. ब्लीचिंग पावडर पंधरवड्याला. अंगाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, लेप्टोचा काळ असतो.

माणसं

पाहुणे असलेच तर सज्ञान, ओळखीचे, आणि आधी स्पष्ट बोललेले. फोन दाराशी टोपलीत. घरात मूल आलं, भाचा असो की शेजाऱ्याची मुलगी, की सगळे कपड्यांत. यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. चवथीत आरतीला वाडा घरी येतो, शिगम्याला मेळ येतात, राखणदाराचा, म्हणजे जागेच्या राखणदेवाचा, रोट द्यायचा असतो. ते दिवस गावाचे.

गावाला काय सांगायचं? काही नाही. कामाचे दिवस मात्र ठरवून दिले, मंगळवार आणि शनिवार. कुळागरात येणारी म्हातारी पहिल्यांदा फाटकाशी थबकली. बायकोने घंटा दाखवली. ती म्हणाली, “बरें बाय, घांट मारतां आनी मागीर येतां.” का, ते विचारलं नाही. त्यानंतर एकदाही घंटेशिवाय आली नाही.

पाडेलीने मात्र एकदा विचारलं. पाडप झाल्यावर तो माडाच्या वाळक्या चुडतांची साफसफाई करतो. मागच्या माडावर होता. वरून हाक मारली, “दादा, अंगणाकडची ठेवू का?” मी खाली लुंगीवर उभा. काय म्हणायचं ते सुचेना, नुसती मान हलवली. उतरल्यावर त्याने पैसे घेतले, दोन शहाळी मागून घेतली आणि गेला. दर खेपेला तो बाकीच्या तिन्ही बाजू साफ करतो आणि अंगणाकडची चुडतं लोंबती ठेवतो.